पनागरच्या माथ्यावरचा चंद्र

जबलपूरहून ईशान्येस निघालेला मिर्झापूरचा जुना रस्ता 15-16 किलोमीटर चालून गेला की पनागर हे तहसिलीचे गाव लागते. जवळजवळ त्याच दिशेने मुंबई-अलाहाबाद लोहमार्गही गेलेला आहे. नर्मदेचा सखल प्रदेश मागे पडून कटनीकडचा मुलूख सुरू होण्यापूर्वीचे हे एक साधे गाव. 1817 पर्यंत हा सारा टापू नागपूरकर भोसल्यांकडे होता, आणि पुढे रेल्वे, पलटण व सरकारी कारखाने यांच्या निमित्ताने मराठी माणसे या भागात येत व स्थिरावत राहिली. अशा गावाचा आणि चंद्रावर स्वारी करणाऱ्या कादंबऱ्यांचा संबंध काय, असे कोणासही वाटेल. परंतु तो आहे, आणि एका ठिकाणी नव्हे तर दोन ठिकाणी आहे.

त्यातला पहिला संबंध रेल्वेचा. मुंबईहून येणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा मार्ग आणि अलाहाबादहून येणारा ईस्ट इंडियन कंपनीचा मार्ग यांची गाठ जबलपूर येथे पडली, व 7 मार्च 1870 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते हा जोडमार्ग रीतसर खुला झाला. सुवेझचा कालवा आदल्याच वर्षी खुला झाला होता. पृथ्वीप्रदक्षिणा आता किती दिवसांत होईल याची गणिते युरोपातील वर्तमानपत्रे मांडू लागली, आणि फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न याने 1872 साली ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’ लिहिली. त्या कादंबरीत फिलिआस फॉग मुंबईस आगगाडीत बसतो, आणि अलाहाबाद 50 मैलांवर राहिले असता खोल्बी नावाच्या ठिकाणी गाडी थांबते. पुढे रूळच घातलेले नाहीत! वर्तमानपत्राने मार्ग पूर्ण झाल्याचे छापले होते, ते खोटे निघते. मग फॉगसाहेब 2000 पौंडांना एक हत्ती विकत घेतात.

खरी गोष्ट अशी की, ऑक्टोबर 1872 मध्ये तो प्रवास कोणी केला असता, तर जबलपूर, पनागर, कटनी ही स्थळे त्याने झोपेतच ओलांडली असती. वर्तमानपत्र खरे होते. खोटी होती ती तुटलेली रेल्वे. पण ती तुटली नसती तर हत्ती आला नसता, अरण्य आले नसते, आणि सती जाण्यास भाग पाडल्या जाणाऱ्या औदेची सुटकाही झाली नसती. बाकी सारे वेळापत्रक व्हर्नने काटेकोरपणे पाळले आणि कथेला जेथे श्वास हवा होता तेवढाच रूळ त्याने उखडला. विज्ञानकादंबरीकार कोणत्या ठिकाणी खरे बोलतो व कोणत्या ठिकाणी मुद्दाम लबाडी करतो, हे ओळखता येणे ही या वाङ्मयाच्या रसग्रहणातील पहिली पायरी होय.

दुसरा संबंध अधिक मौजेचा आहे. व्हर्नची ‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ ही कादंबरी 1865 सालची, व ‘चंद्राभोवती’ हा तिचा उत्तरार्ध 1870 सालचा. अमेरिकेतील यादवी युद्ध संपले आहे. बाल्टिमोर येथील तोफखानावाल्यांचा एक क्लब उदास होऊन बसला आहे. सभासदांपैकी कोणाचा हात गेलेला, कोणाचा पाय गेलेला, आणि तरीही शांतता झाली याचेच सर्वांना दुःख! अशा वेळी अध्यक्ष बार्बिकेन सुचवितात की, शत्रू उरला नसेल तर चंद्रावरच गोळा डागावा. जगभर वर्गणी जमते. इंग्लंड मात्र छदाम देत नाही. युद्धपिसाट मंडळींचा हा उपहास कथेच्या वेगात पुष्कळांच्या लक्षातून निसटतो, आणि कादंबरी मुलांच्या कपाटात जाऊन पडते.

तोफ कोठे उभारावयाची, हा प्रश्न मग खगोलशास्त्रज्ञांकडे जातो. तोफ जमिनीत उभी पुरलेली, तिचे तोंड सरळ आकाशाकडे. तेव्हा जेथे चंद्र कधी ना कधी माथ्यावर येतो अशीच जागा हवी. चंद्र विषुववृत्ताच्या उत्तरेस व दक्षिणेस सुमारे 28 अंशांपर्यंतच सरकतो. म्हणून तोफेचे स्थान शून्य ते 28 अंश या अक्षांशांमध्ये असले पाहिजे, असा निर्णय येतो. अमेरिकेत या अटीत टेक्सास व फ्लॉरिडा ही दोनच राज्ये बसतात. त्यांचे कडाक्याचे भांडण होते आणि शेवटी फ्लॉरिडा जिंकते. तोफ टँपा शहराजवळ ओतली जाते.

आता पनागरच्या श्रोत्याने नकाशा पुढे घ्यावा. पनागर सुमारे 23.3 अंश उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्त येथून उत्तरेस जेमतेम 15-16 किलोमीटरांवर, सिहोऱ्याच्या अलीकडे जाते. त्यामुळे जूनच्या मध्यास आणि पुन्हा त्या महिन्याच्या अखेरीस मध्यान्ही सूर्य येथे अगदी माथ्यावर असतो व उभ्या काठीची सावली तिच्या पायथ्याशीच नाहीशी होते. चंद्रही, त्याच्या फेऱ्यांत अनुकूल वर्षे असतील तेव्हा, येथे माथ्यावर येतो. म्हणजे बार्बिकेनच्या अटीत पनागर बसते. सारा महाराष्ट्र बसतो, गोवा बसतो, निम्म्याहून अधिक हिंदुस्थान बसतो. अमेरिकनांना आपल्या देशाचे टोक शोधावे लागले, आणि येथे तर कोणत्याही खेड्याच्या गायरानात तोफ पुरता आली असती!

तोफा बनविणारे कारागीरही दूर शोधावयास नकोत. जबलपूर येथे 1904 साली तोफांचे गाडे बनविण्याचा सरकारी कारखाना निघाला. गावातील लोक आजही त्याला जीसीएफ या अक्षरांनीच ओळखतात. ‘धनुष’ नावाची 155 मिलिमीटर तोंडाची लांब पल्ल्याची तोफ याच कारखान्यात तयार होते, आणि तिची पहिली तुकडी 2019 साली सैन्याच्या स्वाधीन करण्यात आली. व्हर्नच्या ‘कोलंबियाड’ तोफेचे तोंड 9 फुटांचे, म्हणजे धनुषच्या जवळजवळ अठरापट. लांबी 900 फूट, व दारू म्हणून 4 लाख पौंड स्फोटक कापूस. धनुषच्या जातीच्या तोफेतून सुटणारा गोळा सेकंदाला एक किलोमीटरसुद्धा गाठत नाही. कोलंबियाडच्या गोळ्याला सेकंदाला सुमारे 11 किलोमीटर वेग हवा होता. हा आकडा व्हर्नने हवेतून काढलेला नाही. पृथ्वीच्या ओढीतून सुटण्यास जेवढा वेग लागतो तो एवढाच आहे, व तो त्याने गणित्यांकडून नीट करून घेतला होता.

तथापि याच आकड्याने त्याच्या तिघा प्रवाशांचा जीव घेतला असता. शून्यापासून 11 किलोमीटरांपर्यंतचा वेग अवघ्या 900 फुटांत, म्हणजे 274 मीटरांत, यावयाचा. नेहमीचे साधे सूत्र लावले तर हे सारे सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात उरकते, आणि त्या क्षणी आतील प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे 22 हजारपट जड होते. 60 किलोचा मनुष्य 1300 टनांचा! व्हर्नला हे अजिबात कळले नव्हते असे नाही. त्याने गोळ्याच्या तळाशी पाण्याचे थर व लाकडी तबकड्या बसविल्या आहेत. परंतु पाण्याच्या उशीने 1300 टन भागत नाहीत. पुढे सॅटर्न-5 या अग्निबाणातून चंद्राकडे गेलेल्या अंतराळवीरांस कित्येक मिनिटे हळूहळू वाढत जाणारा वेग सोसावा लागला, व तोही वजनाच्या सुमारे चौपटीपलीकडे गेला नाही. चंद्राकडे नेणारे वाहन तोफेतून नव्हे, अग्निबाणातूनच निघणार, हे त्याचे कारण.

मौज अशी की, अग्निबाणाचे गणित मांडणारी माणसे याच चुकलेल्या तोफेची वाचक होती. रशियातील त्सिओलकोव्हस्की हे शिक्षक व्हर्न वाचूनच या विचाराकडे वळले, आणि 1903 साली त्यांनी अग्निबाणाच्या वेगाचे सूत्र प्रसिद्ध केले. हेर्मान ओबेर्ट यांनी तर बालपणी ही कादंबरी पुन्हा पुन्हा वाचली, तोफेचे गणित स्वतः करून पाहिले, ते जमत नाही हे ताडले आणि अखेर 1923 साली ग्रहमालेत जाणाऱ्या अग्निबाणावर पुस्तक लिहिले. सगळी गणिते बरोबर असलेली कादंबरी त्या मुलाला कदाचित इतकी उपयोगी पडली नसती. चूक सापडण्याइतका तपशील तिच्यात दिलेला होता, हे तिचे मोठेपण.

व्हर्नची आणखी एक चूक सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण ती फार शिकविणारी आहे. प्रवासात एक कुत्रा मरतो व त्याचे कलेवर झरोक्यातून बाहेर टाकले जाते. थोड्या वेळाने प्रवासी पाहतात तो काय, कलेवर मागे राहिलेलेच नाही! ते वाहनाच्या बरोबरीने निमूटपणे चाललेले आहे. हे अगदी यथार्थ आहे. बाहेर हवा नाही, अडथळा नाही. गोळा आणि कुत्रा दोघेही एकाच वेगाने, एकाच ओढीखाली पडत आहेत. पण मग आतील माणसांचे काय? तीही त्याच नियमाने पडत असणार, म्हणजे पहिल्या घटकेपासून तरंगत असणार. व्हर्न मात्र त्यांना पृथ्वीवरच्याप्रमाणे चालवितो, जेवू घालतो, आणि पृथ्वी व चंद्र यांची ओढ समसमान होते त्या एका बिंदूवरच तरंगू देतो. झरोक्याबाहेर एक नियम आणि झरोक्याच्या आत दुसरा! वाचकाने हे स्वतः पकडले, तर वजन म्हणजे काय हे त्याला कोणत्याही क्रमिक पुस्तकापेक्षा अधिक चांगले समजेल.

त्या समसमान ओढीच्या बिंदूवरून आपल्याकडील त्रिशंकूची आठवण होणे साहजिक आहे. विश्वामित्राने वर ढकललेला आणि देवांनी खाली लोटलेला तो राजा मध्येच लोंबकळत राहिला. पण या दोन लोंबकळण्यांत एक भेद आहे. त्रिशंकू कोठे अडकावा हे ऋषीच्या तपावर व देवांच्या रोषावर अवलंबून होते. बार्बिकेनचा गोळा कोठे अडखळेल हे चंद्र व पृथ्वी यांच्या वस्तुमानांवर अवलंबून आहे. पृथ्वी चंद्राच्या 81 पट जड, 81 चे वर्गमूळ 9, म्हणून तो बिंदू वाटेच्या नऊ-दशांशावर. पनागरातील शाळकरी मुलगाही तो काढू शकतो. पुराणकथेचे सौंदर्य निराळे आहे आणि त्याला बाध येण्याचे कारण नाही. परंतु आमच्या पुराणांत विमाने होती, सबब या कादंबऱ्यांत नवे काय, असे जे अधूनमधून ऐकू येते त्यात काही अर्थ नाही. पुष्पक विमानाने किती इंधन खाल्ले हे रामायणकर्त्यास कोणी विचारीत नाही व विचारूही नये. व्हर्नला मात्र तो प्रश्न विचारता येतो, आणि उत्तर चुकले तर त्याचा कानही धरता येतो.

याच कारणास्तव, कोणाचे भाकीत किती खरे ठरले याची खतावणी मांडून या कादंबऱ्यांचे मोल ठरविणे फारसे उपयोगाचे नाही. तशी खतावणी चटकदार होते, यात शंका नाही. व्हर्नने उड्डाण फ्लॉरिडातून करविले. अपोलोची उड्डाणेही फ्लॉरिडातूनच झाली. व्हर्नचे तिघे प्रशांत महासागरात उतरले. अपोलो-11 चे तिघेही तेथेच उतरले. व्हर्नच्या प्रवासाचा हिशेब 97 तासांचा; अपोलो-11 चंद्रावर टेकले ते उड्डाणानंतर सुमारे 103 तासांनी. परत येताना 1969 च्या जुलैत आर्मस्ट्राँग यांनी अंतराळातूनच व्हर्नच्या कादंबरीची आठवण काढली होती. परंतु भारताच्या चांद्रयान-3 ने 14 जुलै 2023 रोजी निघून 23 ऑगस्टला, म्हणजे 40 दिवसांनी, चंद्र गाठला. कमी शक्तीच्या अग्निबाणाने पृथ्वीभोवती घिरट्या वाढवीत जाण्याची ती काटकसरीची वाट होती. म्हणून 97 तास लिहिणारा व्हर्न खोटा ठरला काय?

एच. जी. वेल्स यांच्या ‘चंद्रावरील पहिली माणसे’ या 1901 सालच्या कादंबरीस तर ही खतावणी मुळीच लागू पडत नाही. त्यातील केव्हर नामक शास्त्रज्ञ गुरुत्वाकर्षण अडविणारा पदार्थ तयार करतो, त्याच्या झडपा बसविलेल्या गोलात बसतो, आणि झडपा उघडझाक करीत चंद्रावर जातो. असा पदार्थ नाही. वृद्ध व्हर्नला हे रुचले नाही. आपण तोफ व दारू वापरली, या गृहस्थांनी तो पदार्थ दाखवावा तरी, अशा अर्थाची तक्रार त्याने एका मुलाखतीत केली होती. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त आहे. व्हर्नला वाहनात रस होता. वेल्सला पोहोचल्यानंतर काय दिसते यात रस होता, म्हणून एक अशक्य गोष्ट एकदाच मागून घेऊन त्याने वाहनाचा प्रश्न मिटविला, आणि पुढे पुन्हा तशी सवलत सहसा मागितली नाही.

वेल्सच्या चंद्रावर पोटात वसलेले मुंग्यांसारखे एक राष्ट्र आहे. ज्याचे जे काम त्याला तसेच शरीर. लहानपणीच बालकांना बरण्यांत कोंडून, जो अवयव कामास हवा तेवढाच बाहेर वाढू देतात. ज्याला तूर्त काम नाही त्याला औषध पाजून निजवून ठेवतात. हे वर्णन चंद्राचे खचित नव्हे. यंत्रशाळांनी भरलेल्या पृथ्वीचे आहे, आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. केव्हरचा सोबती बेडफर्ड हा दिवाळखोर व्यापारी सोने घेऊन पृथ्वीवर परततो. केव्हर मागेच राहतो.

त्यानंतरची प्रकरणे नभोवाणीच्या श्रोत्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावीत अशी आहेत. मॉन्टे रोझा पर्वतावर बिनतारी लहरींचे प्रयोग करणाऱ्या एका डच विद्युत्तज्ज्ञाला चंद्रावरून तुटक संदेश येऊ लागतात. ते केव्हरचे असतात. मार्कोनीने बिनतारी संकेत अटलांटिकपार नेला तो 1901 च्या डिसेंबरात. कादंबरी त्याच वर्षाची. केव्हर चंद्राच्या अधिपतीपुढे पृथ्वीचे वर्णन करीत असतो, आणि सांगता सांगता भाबडेपणाने युद्धांविषयीही सांगून बसतो. माणसे एकमेकांस का व कशी मारतात, हे तो प्रचंड मेंदू पुन्हा पुन्हा विचारून घेतो. पुढचे संदेश अर्धवट येतात. मग मध्येच आवाज तुटतो, तो कायमचा. दूरच्या केंद्राचा आवाज रात्री खरखरीत बुडून गेल्यावर रेडिओपाशी बसलेल्या माणसाला जे वाटते तेच येथे वाटते. मात्र येथे तो आवाज का तुटला हे वाचकाला समजलेले असते.

मराठीत ही कादंबरीची वाट कोठून आली, हे पनागरसारख्या महाराष्ट्राबाहेरच्या गावी मुद्दाम सांगण्याजोगे आहे. ती पुण्यामुंबईतून आली नाही. कोचीन येथून कृष्णाजी नारायण आठल्ये ‘केरळ कोकिळ’ नावाचे मराठी मासिक चालवीत असत. मल्याळी मुलखात राहून मराठी वाचकांसाठी काढलेल्या या मासिकात 1900 च्या सुमारास व्हर्नच्या कादंबरीचे भाषांतर ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने क्रमशः येऊ लागले. मराठी विज्ञानकथेचा आरंभ पुष्कळजण येथूनच मोजतात. विमान अद्याप उडावयाचे होते, तेव्हा मराठी घरांत चंद्राकडे जाणारा गोळा वाचला जात होता.

त्यानंतर अर्ध्या शतकाने भा. रा. भागवतांनी ही वाट खऱ्या अर्थाने रुंद केली. त्यांचा जन्म 1910 सालचा, इंदूरचा. (त्याच वर्षी त्याच शहरी दुर्गाबाई भागवतांचाही जन्म झाला, माळव्याचे हे देणे थोडेथोडके नव्हे.) फास्टर फेणेचे जनक म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्यांनी व्हर्नला मराठी केले, ते कर्तृत्व त्याहून कमी मानता येणार नाही. ‘चंद्रावर स्वारी’ हे नावच पाहावे. ‘स्वारी’ म्हटल्याबरोबर घोड्यांच्या टापा ऐकू येतात. धूमकेतूवर बसून सूर्यमालेत फेरी मारून येणाऱ्या माणसांच्या कादंबरीला त्यांनी ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ म्हटले. धूमकेतू हा शब्द शास्त्रीय खरा, पण आजीच्या तोंडी शेंडेनक्षत्रच असते, आणि त्याच्या आधी ‘मुक्काम’ लावला की पोस्टाचा पत्ता तयार होतो! जबलपूर, सागर, दमोह या बाजूच्या मराठी घरांत मुले शाळेत हिंदी शिकतात आणि घरी मराठी बोलतात. हळूहळू ती मराठी भाजी-आमटी, सणवार व नातीगोती यांपुरतीच उरते. गुरुत्वाकर्षण, कक्षा, वेग हे शब्द तिच्यात येईनासे होतात. अशा घरातील मुलाच्या हाती भागवतांचे एखादे पुस्तक पडले, तर ज्या भाषेत आई रागे भरते त्याच भाषेत चंद्रावर जाता येते हे त्याला उमगते. क्रमिक पुस्तकांतून हे साधत नाही.

जयंत नारळीकरांचे उदाहरण याच लोहमार्गावरचे म्हटले पाहिजे, कारण मुंबईहून बनारसला जाणारी वाट जबलपूर-पनागरवरूनच जाते. कोल्हापुरास 1938 साली जन्मलेले नारळीकर वाढले बनारसमध्ये. वडील तेथील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. पुढे केंब्रिज येथे फ्रेड हॉइल हे त्यांना गुरू लाभले. हॉइल स्वतः ‘कृष्णमेघ’ या 1957 सालच्या गाजलेल्या कादंबरीचे लेखक. सूर्याला झाकून टाकणारा एक अंतराळातील ढग, आणि तो ढगच मुळी बुद्धिमान आहे हे हळूहळू शास्त्रज्ञांच्या ध्यानात येणे, ही तिची कल्पना. त्या ढगाचे ज्ञान डोक्यात साठवू पाहणारी माणसे अखेर मरतात. मानवी मेंदूला ते पेलत नाही. खुद्द नामांकित ज्योतिर्विद इतकी विनम्र कादंबरी लिहितो, हे पाहण्यासारखे आहे.

नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा फिरविला होता, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून प्रत पत्नीकडून लिहवून घेतली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढील वर्षी कराडच्या साहित्यसंमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची आवर्जून दखल घेतली. परग्रहांवरील प्रगत जीवांशी संपर्क हा विषय त्यांनी ‘प्रेषित’ या कादंबरीत हाताळला. 2021 साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, आणि 20 मे 2025 रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. तथापि एक उणीव कबूल करणे प्राप्त आहे. मराठीत विज्ञानकथा विपुल झाली, पण अंतराळप्रवासावरील मोठी, भरघोस कादंबरी फार थोडी. दिवाळी अंकाच्या दहा-बारा पानांत कल्पना मावते. प्रवास मावत नाही. महिनोन्महिने एका लहान खोलीत राहणाऱ्या माणसांची भांडणे, त्यांचा कंटाळा, त्यांना आठवणारे घर, यांना पाने लागतात.

तशी पाने कशी वापरावीत हे पाहावयाचे असल्यास आर्थर क्लार्क यांची 1973 सालची ‘रामाशी भेट’ वाचावी. क्लार्क 1956 पासून आपल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 2008 पर्यंत, श्रीलंकेत राहिले. लंकेत बसून त्यांनी आपल्या अज्ञात पाहुण्याचे नाव रामा ठेवावे, यात योगायोग किती आणि खट्याळपणा किती कोण जाणे! कादंबरीतले कारण असे की, ग्रीक-रोमन देवतांची नावे संपल्यामुळे ज्योतिषी आता हिंदू देवतांकडे वळले आहेत. सूर्यमालेत बाहेरून येणारी ही वस्तू म्हणजे 50 किलोमीटर लांब व 20 किलोमीटर रुंद असा पोकळ नळकांड्यासारखा गोल खांब निघतो, आणि तो 4 मिनिटांत स्वतःभोवती एक फेरा घेतो. त्या फिरण्यामुळे आतील माणसाचे पाय भिंतीला टेकतात, जसे बादली गरगर फिरविली असता पाणी तळाला चिकटून राहते. आतील पोकळीची त्रिज्या 8 किलोमीटर धरून गणित केले तर तेथील वजन पृथ्वीवरच्या निम्म्याहून थोडे अधिक येते, आणि क्लार्क यांनी लिहिले आहे तेही तेवढेच. व्हर्नचे झरोक्याच्या आतबाहेरचे दोन नियम येथे नाहीत.

कमांडर नॉर्टन व त्यांचे सहकारी आत शिरतात, जिने उतरतात, गोठलेला समुद्र वितळताना पाहतात. शहरांसारख्या रचना दिसतात. त्यांत राहणारे कोणीच भेटत नाही. पुढे तो खांब सूर्याजवळून वळसा घेऊन निघून जातो. त्याने मानवजातीकडे पाहिलेसुद्धा नाही! ज्या वाचकांना कथानकाचा उलगडा हवा असतो ते येथे हिरमुसतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. परंतु कोणी मोठा पाहुणा दारावरून जावा आणि त्याचे काम भलत्याच ठिकाणी असावे, हा अनुभव इतक्या संयमाने फार थोड्या कादंबऱ्यांनी दिला आहे. 2017 च्या ऑक्टोबरात परक्या ताऱ्याकडून आलेली पहिली वस्तू ज्योतिर्विदांना दिसली, तेव्हा तिला रामा म्हणावे अशीही सूचना झाली होती. नाव मात्र हवाई बेटांच्या भाषेतले, ‘ओमुआमुआ’ असे पडले. तीही सूर्याजवळून वळसा घेऊन निघून गेली.

राहता राहिली बार्बिकेनची तोफ. चंद्र एकाच वेळी पृथ्वीच्या सर्वांत जवळही यावा आणि टँपाच्या माथ्यावरही यावा, असा योग चुकला तर पुढे 18 वर्षे थांबावे लागेल, असे कादंबरीतील शास्त्रज्ञ बजावतात. यामागे खरे कारण आहे. चंद्राची कक्षा हळूहळू डोलत असते, व त्या डोलण्याचा फेरा 18.6 वर्षांचा आहे. कधी चंद्र उत्तरेस साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत चढतो, तर कधी साडेअठरा अंशांवरूनच परततो. सर्वांत उंच चढण्याचा काळ 2024-25 मध्ये होऊन गेला. 2030 च्या आगेमागे त्याची चढण पनागरच्या अक्षांशाखाली येईल, आणि त्यानंतर सुमारे नऊ वर्षे तो या गावाच्या बरोबर माथ्यावरून जाणार नाही. दक्षिणेकडे थोडा कललेलाच दिसेल. तोवर मात्र, महिन्यातून ज्या रात्री तो सर्वांत उत्तरेस असतो त्या सुमारास, देवरीकडच्या रुळांलगतच्या एखाद्या मोकळ्या शेतात उताणे पडून पाहणाऱ्यास, व्हर्नने आखलेली ती सरळ रेघ जवळजवळ नाकासमोर सापडेल.